‘सिस्टर, हेलिकॉप्टर बोलवा’: गंभीर रुग्ण हवेतून हलवायचा तर काय काय करायचं

हेलिकॉप्टर बहुतेक येणार नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचून होईल.

मी नांदेडला एका खासगी हॉस्पिटलात आयसीयूची इन्चार्ज सिस्टर आहे. रुग्णाला मुंबई, पुणे किंवा हैदराबादला हलवायचं ठरलं की फोनाफोनी, कागद आणि बांधाबांध माझ्याकडे येते, कधीकधी सोबत जाणंही. अशा वेळी घरच्यांच्या डोळ्यांपुढे हॉस्पिटलच्या गच्चीवर उतरणारं हेलिकॉप्टर असतं. एका काकांचा मुलगा अमेरिकेतून फोनवर म्हणाला, "सिस्टर, इकडे तर चॉपर लगेच येतं. तुम्ही बोलवा, पैशाचं मी बघतो." त्याचं चूक नव्हतं, तिकडे तशी व्यवस्था आहेच. आपल्याकडे ‘एअर अ‍ॅम्ब्युलन्स’ म्हणून जे येतं ते बहुतेक वेळा छोटं विमान असतं, किंग एअर जातीचं, दोन पंख्यांचं. आत एक स्ट्रेचर, एक डॉक्टर, एक नर्स किंवा टेक्निशियन आणि घरचं एखादं माणूस. ते विमानतळावरच उतरतं. म्हणजे हॉस्पिटल ते विमानतळ आणि तिकडे विमानतळ ते हॉस्पिटल हे दोन तुकडे रस्त्यानेच करायचे असतात. रुग्णाला खरा त्रास होतो तो या दोन तुकड्यांत आणि विमानात चढवता-उतरवताना. आकाशातला तास-सव्वा तास त्या मानाने बरा जातो.

हेलिकॉप्टर कुठे चालतं, कुठे नाही

हेलिकॉप्टरला धावपट्टी लागत नाही हे खरं, पण उजेड लागतो, स्वच्छ हवा लागते आणि उतरायला परवानगी असलेली जागा लागते. आपल्या भागात दिवस मावळला की ते मनातून काढून टाका. मुंबईत बहुतेक हेलिकॉप्टरं जुहूला उतरतात, हॉस्पिटलच्या दारात नाही. वेग साधारण ताशी सव्वादोनशे ते अडीचशे किलोमीटर, किंग एअरचा जवळपास दुप्पट. नांदेड-मुंबईसारख्या अंतराला त्याचा फायदा उरत नाही.

त्याचा उपयोग होतो तो रस्ताच नसतो तिथे. गडचिरोलीत पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. अशा वेळी अडलेल्या बाईला पोलिसांच्या हेलिकॉप्टरने गडचिरोलीला आणल्याच्या बातम्या तुम्हीही वाचल्या असतील. चकमकीत जखमी झालेल्या जवानांनाही हेलिकॉप्टरनेच नागपूरला हलवतात. उत्तराखंडात ऋषिकेशच्या एम्सने ऑक्टोबर २०२४ मध्ये हेलिकॉप्टर अ‍ॅम्ब्युलन्स सुरू केली. ती डोंगराळ भागासाठी अगदी योग्य, पण तेच हेलिकॉप्टर १७ मे २०२५ ला केदारनाथला रुग्ण आणायला गेलं असताना आदळलं. आतली माणसं वाचली, हेलिकॉप्टर मोडलं. डोंगरातलं उड्डाण किती अवघड असतं ते यावरून कळावं.

पुरात किंवा मोठ्या आपत्तीत अडकलेला रुग्ण असेल तर खासगी कंपन्यांना फोन करत बसू नका. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७. तिथे रुग्णाची अवस्था, गाव आणि जवळचं मोकळं मैदान, एवढं नीट सांगा. हेलिकॉप्टर मागवायचं की बोट पाठवायची ते प्रशासन ठरवतं.

आणि खरंच गावात हेलिकॉप्टर उतरणार असेल, तर मैदान सपाट हवं आणि आजूबाजूला विजेच्या तारा नकोत. शाळेचं मैदान बहुतेकदा चालतं. आधी टँकरने पाणी मारून घ्या, नाहीतर धुरळ्यात पायलटला जमीनच दिसत नाही. ताडपत्र्या, मंडपाची कापडं, प्लास्टिकच्या खुर्च्या, टोप्या, दुपट्टे सगळं लांब न्या. हलकं कापड उडून पंख्यात गेलं तर संपलंच. गर्दी मैदानाबाहेर, पोरं तर नकोतच. पंखा फिरत असताना पायलटने किंवा आतल्या माणसाने खूण केल्याशिवाय कोणी पुढे जायचं नाही. जायचं ते समोरून किंवा बाजूने, त्याला दिसेल असं, वाकून. शेपटीकडे चुकूनही नाही, कारण मागचा छोटा पंखा फिरताना दिसत नाही. उतार असेल तर वरच्या बाजूने जवळ जायचं नाही, तिकडून पंखा डोक्याच्या उंचीला येतो. सलाईनची बाटली हात उंच करून धरायची आपली सवय असते. इथे ती रुग्णाच्या अंगावर ठेवायची.

आधी ठरवा: विमान हवंच आहे का?

हा प्रश्न विचारला की लोकांना राग येतो. सिस्टरला आपल्या माणसाची काळजी नाही असं वाटतं. तरी विचारते.

नांदेडहून हैदराबाद रस्त्याने पाच-सहा तास. नांदेडहून मुंबई विमानाने सव्वा तास. ऐकायला विमान जिंकतं. आता पूर्ण हिशोब करा. विमान नांदेडला उभं नसतं, ते मुंबईहून किंवा दिल्लीहून निघतं. पैसे भरल्यावर परवानग्या, पायलट, डॉक्टर, इंधन यात दोन-तीन तास जातात. इकडे यायला तासाहून जास्त. त्यांची टीम आयसीयूत येऊन रुग्णाला स्वतःच्या मशीनवर घेते त्यात तासभर. विमानतळ, चढवणं, उड्डाण, उतरवणं, मग मुंबईची गर्दी. पलंगापासून पलंगापर्यंत सात-आठ तास धरून चाला. जो उपचार हैदराबादेत मिळतो त्यासाठी एवढ्या वेळात चांगली कार्डिअ‍ॅक अ‍ॅम्ब्युलन्स पोचून रुग्ण तिथे स्थिरावलेला असतो, खर्चही कितीतरी कमी.

काही आजारांत तर वाट बघणं म्हणजेच नुकसान. हार्ट अटॅकला गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जितकं लवकर तितकं हृदय वाचतं. पक्षाघातात ते इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं. ते इथेच द्या, मग पुढे न्यायचं बघा. सर्पदंशाचंही तेच. त्याची लस ग्रामीण रुग्णालयात असते. मण्यारीच्या विषाने श्वास बंद पडायला आला असेल तर त्या पोराला लस आणि व्हेंटिलेटर हवा, तोही त्याच तासात. शेतातून थेट विमानाचा विचार करणारे लोक मी पाहिले आहेत.

मग विमान कधी? मोठं भाजणं, यकृत किंवा हृदय प्रत्यारोपण, एक्मो (हृदय-फुप्फुसांचं काम शरीराबाहेरून करणारं मशीन), मेंदूची एखादी गुंतागुंतीची शस्त्रक्रिया, असं जे या भागात होत नाही आणि रस्त्याने दहा-बारा तास रुग्ण टिकणार नाही, तेव्हा. तेही रुग्ण ‘हलवण्याजोगा’ झाल्यावर. बीपी दोन औषधांवरही धरत नाही, रक्तस्राव चालूच आहे, अशा अवस्थेत रुग्ण हलवला तर तो विमानात नाही, लिफ्टमध्येच कोसळतो.

तिकडचा बेड आधी, विमान नंतर

तिकडच्या हॉस्पिटलने "या, बघू" म्हटलं, याला बेड मिळणं म्हणत नाहीत. कोणत्या डॉक्टरांनी रुग्ण स्वीकारला त्यांचं नाव, आयसीयूचा बेड राखून ठेवल्याचा मेसेज किंवा मेल आणि रात्री फोन उचलणाऱ्या माणसाचा नंबर, हे हातात आल्याशिवाय अ‍ॅडव्हान्स भरू नका. आमच्या डॉक्टरांचं तिकडच्या डॉक्टरांशी थेट बोलणं करून द्या. दोन डॉक्टरांच्या पाच मिनिटांच्या बोलण्यात कधीकधी हलवायची गरजच नाही असंही निघतं.

दुसरं, ‘डामा’ घेऊन निघू नका. म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध स्वतःच्या जबाबदारीवर डिस्चार्ज. भांडणात लोक सही करून मोकळे होतात, मग पुढे विम्यात अडचण येते. कागदावर ‘उच्च उपचारांसाठी रेफर’ असं हवं. अपघाताची केस असेल तर एमएलसी नंबर, म्हणजे पोलिसांना कळवलेल्या केसचा नंबर, समरीवर (डिस्चार्जच्या कागदावर) लिहिलेला बघा.

फोन करताना

इंटरनेटवर ‘एअर अ‍ॅम्ब्युलन्स’ शोधलंत की शंभर नंबर दिसतील. त्यातले बरेच दलाल असतात. त्यांच्याकडे विमान नसतं, तुमचा फोन घेऊन ते दुसऱ्याचं विमान शोधतात. दलाल वाईटच असतो असं नाही, चांगलाही भेटतो, पण तो दलाल आहे हे तुम्हाला माहीत हवं. म्हणून पहिला प्रश्न: विमान कोणाच्या मालकीचं, त्या कंपनीकडे डीजीसीएचा (विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणारं सरकारी खातं) एनएसओपी, म्हणजे बिगर-नियमित उड्डाणांचा परवाना, आहे का, आणि विमानाचा नोंदणी क्रमांक काय? आपल्याकडचा प्रत्येक नोंदणी क्रमांक ‘व्हीटी’ने सुरू होतो. जो हा क्रमांक सांगायला आढेवेढे घेतो त्याला दुसरा प्रश्न विचारू नका.

दुसरा प्रश्न: विमान आत्ता कुठे उभं आहे? भाडं तुमच्या प्रवासाचं नसतं. विमान जिथून निघतं तिथून परत तिथे पोचेपर्यंतचं असतं. दिल्लीचं विमान नांदेडला येऊन मुंबईला जाऊन रिकामं दिल्लीला परतणार, तो सगळा खर्च तुमचा. रक्कम लाखांत जाते, म्हणून हा प्रश्न महागाचा आहे.

मग विचारा: सोबतचा डॉक्टर भूलतज्ज्ञ किंवा अतिदक्षतेचा आहे की नुसता ‘डॉक्टर’? दोन्हीकडची अ‍ॅम्ब्युलन्स धरली आहे का? विमानतळ बंद व्हायच्या वेळेनंतर उघडा ठेवावा लागला तर त्याचे पैसे कोण भरणार? हवामानामुळे रद्द झालं तर? आणि हे विचारायला जीभ रेटत नाही, तरी विचाराच: विमान निघाल्यावर रुग्ण गेला, किंवा त्यांच्या डॉक्टरने पलंगापाशी बघून "हा उडण्याजोगा नाही" म्हटलं, तर किती परत मिळणार? उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या. एका कुटुंबाला एका दलालाने यातला एकही पैसा परत दिला नाही. फोनवर गोड बोललेला माणूस नंतर फोनच उचलेना, आणि हातात लेखी काहीच नव्हतं.

तुमच्याकडून त्यांना काय लागतं, तो मजकूर मी एका कागदावर लिहून नातेवाइकांच्या हातात देते. हा एक नमुना (यात पीप म्हणजे व्हेंटिलेटरचा फुप्फुसं उघडी ठेवणारा दाब, नॉरअ‍ॅड म्हणजे बीपी धरून ठेवणारं औषध, एबीजी म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइडची तपासणी):

"पुरुष, वय ५४, वजन ८२ किलो, उंची ५ फूट ८ इंच. दोन्ही फुप्फुसांत न्यूमोनिया, व्हेंटिलेटरवर तिसरा दिवस. ऑक्सिजन ६० टक्के, पीप १०, सॅच्युरेशन ९३. नॉरअ‍ॅड एका पंपावर चालू, बीपी ११०/७०. गुंगीचं औषध चालू. उजव्या छातीत नळी. ताजा एबीजी आणि एक्स-रे सोबत पाठवला आहे. मुंबईत बेड नक्की, स्वीकारणाऱ्या डॉक्टरांचं नाव अमुक. सोबत एक नातेवाईक, वजन ६८ किलो, एक छोटी बॅग."

वजन अंदाजे सांगू नका. छोट्या विमानात माणसं, सामान आणि इंधन यांचा हिशोब किलोत होतो. दीडशे किलोच्या रुग्णासाठी वेगळं विमान लागू शकतं, हे विमान आल्यावर कळून उपयोग नाही.

पैशाबद्दल एक व्यवहाराची गोष्ट. यूपीआयची रोजची मर्यादा साधारण एक लाखाची असते, आणि बँकेच्या अ‍ॅपवर नवं खातं जोडलं की पहिले काही तास मोठी रक्कम जात नाही. आरटीजीएस २०२० च्या डिसेंबरपासून चोवीस तास चालतं, पण ते ज्याच्या फोनवर सुरू आहे असा माणूस घरात आधी शोधा. रात्री दोन वाजता यातच तास जातो.

रुग्णाची तयारी

हे काम आमचं, पण तुम्हाला माहीत असलं तर "अजून का निघत नाही" म्हणून दारावर धडका मारणार नाही.

विमान उंच गेलं की आतला दाबही कमी होतो. केबिन बंद आणि दाबाची असली तरी आत साधारण सहा ते आठ हजार फुटांवरच्या डोंगरासारखी हवा असते. आठ हजार फुटांना फुप्फुसाला मिळणारा ऑक्सिजनचा दाब जमिनीपेक्षा जवळजवळ पाव हिश्श्याने घटतो. तुम्हा-आम्हाला ते कळतही नाही. पण ज्याचं सॅच्युरेशन इथेच ९० वर लटकलंय त्याला वर गेल्यावर द्यायला आमच्या हातात काही उरत नाही. म्हणून अशा रुग्णाचा ऑक्सिजन आम्ही इथे आधी कमी होतो का बघतो. होत नसेल तर पायलटला खालून उडायला सांगावं लागतं, त्यात इंधन जास्त जातं.

दुसरं, बंद जागेतली हवा फुगते, तिसऱ्या हिश्श्याने वगैरे. चिप्सचं पाकीट घाटावर गेलं की टम्म होतं ना, तसंच. आता ती हवा फुप्फुसाबाहेर छातीत अडकली असेल तर? म्हणून बरगडी मोडलेल्या रुग्णाचा एक्स-रे निघण्याआधी पुन्हा काढतो आणि थोडीशीही हवा दिसली तर छातीत नळी टाकूनच निघतो. ती नळी वाटेत कधीही चिमटा लावून बंद करायची नाही. आतडं अडलेल्याच्या नाकातली नळी उघडी सोडतो. डोक्याच्या ऑपरेशननंतर कवटीत हवा राहिली असेल, डोळ्यात गॅस भरला असेल, तर उड्डाण पुढे ढकलणंच बरं. श्वासनलिकेतल्या ट्यूबला खाली जो छोटा फुगा असतो तोही फुगतो आणि आतून नलिकेला दाबतो. त्याचा दाब आम्ही मोजणीयंत्राने वीस ते तीसच्या मध्ये ठेवतो, वर गेल्यावर पुन्हा मोजतो, खाली उतरल्यावर पुन्हा.

ऑक्सिजनचा हिशोब मी कागदावर मांडते, तोंडी नाही. आपल्याकडच्या बी टाइप सिलिंडरमध्ये दीड हजार लिटर असतो. मिनिटाला दहा लिटर लागले तर अडीच तास. प्रवास तीन तासांचा असेल तर अठराशे लिटर, आणि नियम दुपटीचा, म्हणजे छत्तीसशे. रुग्ण हाय-फ्लोवर, म्हणजे नाकातून जोरात सोडलेल्या ऑक्सिजनवर असेल, मिनिटाला साठ लिटर, तर तोच सिलिंडर पंचवीस मिनिटांत रिकामा. म्हणून हाय-फ्लोवरच्या रुग्णाला डॉक्टर निघण्याआधी ट्यूब टाकायचं म्हणतात तेव्हा घाबरू नका. वाटेत घाईत टाकण्यापेक्षा इथे उजेडात टाकलेली बरी.

मग बांधाबांध. ट्यूब ओठाशी किती आकड्यावर आहे तो पट्टीवर लिहायचा. चांगल्या सुया दोन, दोन्ही चालू, एक तरी मोकळी. नॉरअ‍ॅडची भरलेली दुसरी सिरिंज तयार, कारण ती बदलताना अर्धा मिनिट जरी थांबली तरी बीपी खाली येतो. प्रत्येक सिरिंजवर औषधाचं नाव आणि ताकद मोठ्या अक्षरात. विमानात उजेड कमी, हातमोजे घातलेले आणि कोणाचं बोललेलं कोणाला ऐकू येत नाही, तेव्हा तेच अक्षर कामी येतं. सगळ्या पंपांच्या आणि मॉनिटरच्या बॅटऱ्या भरलेल्या, नुसती हिरवी लाइट बघून नाही, प्लग काढून चालवून बघितलेल्या. अंबू बॅग, म्हणजे हाताने दाबून श्वास द्यायचा फुगा, रुग्णाच्या उशाशी, सामानाच्या बॅगेत नाही. डोळ्यांना पट्टी, कानात कापूस, अंगावर ब्लँकेट, कारण टारमॅकवर, विमान उभं असतं तिथे, वारा असतो आणि विमानात गारठा.

आणि माझा हट्ट: प्रवासाचं व्हेंटिलेटर रुग्णाला आयसीयूच्या पलंगावरच लावायचं आणि अर्धा तास तिथेच ठेवायचं. मग एक एबीजी. त्या मशीनवर रुग्ण रमला नाही तर ते इथे कळू दे, इथे मागे सगळं आहे. आलेली टीम घाईत असते, पायलटचे फोन येत असतात, विमानतळ बंद होणार असतो. तरी तो अर्धा तास मी सोडत नाही. यावरून माझं मोठमोठ्या डॉक्टरांशी वाजलंय.

निघायच्या दिवशी

विमान उतरल्याचा फोन आल्याशिवाय रुग्णाला पलंगावरून हलवायचं नाही. "वाटेत आहे" म्हणजे उतरलं नाही. अ‍ॅम्ब्युलन्समध्ये विमानाची वाट बघत बसलेला रुग्ण म्हणजे आयसीयू नसलेला रुग्ण. उत्तम रीत अशी, की त्यांचा डॉक्टर विमानतळावरून थेट आयसीयूत येतो आणि पलंगापाशी रुग्ण ताब्यात घेतो.

अ‍ॅम्ब्युलन्सला विमानापर्यंत जायची परवानगी लागते. गाडीचा नंबर, ड्रायव्हरचं नाव, ओळखपत्र हे आदल्या दिवशी किंवा निदान काही तास आधी कंपनीला कळवा. ऐनवेळी गाडी बदलली की गेटवर अडकलात. सोबत रुग्णाचा आणि नातेवाइकाचा मूळ आधार, डॉक्टरांचं ‘फिट टू फ्लाय’ प्रमाणपत्र, समरी, रिपोर्ट, सीडी, विमा कार्ड, तिकडच्या बेडचा मेसेज छापून. सुरक्षा तपासणी होते, रुग्णाचीही, बॅगांचीही. खिशातली काडेपेटी आधीच काढा.

विमानाचं दार अरुंद असतं. स्ट्रेचर तिरका करून आत घ्यावा लागतो आणि त्या अर्ध्या मिनिटात नळ्या ओढल्या जातात. यात एकच नियम: ज्याच्या हातात ट्यूब, त्याचा हुकूम. तो डोक्याशी उभा असतो, "एक, दोन, तीन" तोच म्हणतो, बाकी कोणी बोलायचं नाही. मदतीच्या भावनेने पाय उचलायला धावणारे मेहुणे गाडीतच बसलेले बरे.

सोबत कोण जाणार हा घरचा वाद निघण्याआधीच मिटवा. मोठा मुलगा म्हणून मोठा मुलगा, असं नाही. ज्याला सही करायचा अधिकार आहे, ज्याच्याकडे पैसे हलवायची सोय आहे, आणि जो रक्त बघून चक्कर येऊन पडत नाही, तो. उलटीची गोळी आधी घ्या. हलकं खाऊन घ्या. बाकीच्यांनी लगेच रस्त्याने किंवा देवगिरी एक्स्प्रेसने मुंबई गाठावी. एकट्या माणसाला तिकडे औषधं आण, रक्ताची सोय कर, सही कर हे सगळं झेपत नाही.

विमानात आवाज इतका असतो की स्टेथोस्कोपचा उपयोग नाही. डॉक्टर नुसतं मॉनिटरकडे बघत बसलाय असं वाटेल. तो श्वासातल्या कार्बन डायऑक्साइडची रेघ बघत असतो. ती रेघ सपाट झाली तर ट्यूब निघाली, हे त्याला आवाजाशिवाय कळतं. त्याला त्या वेळी प्रश्न विचारू नका. भीती वाटेल, वाटू द्या. एवढं सांगते, ६ मे २०२१ ला नागपूरहून उडालेल्या एका एअर अ‍ॅम्ब्युलन्सचं चाक निखळून पडलं होतं. ते विमान मुंबईला पोटावर उतरवलं आणि रुग्णासकट सगळे सुखरूप बाहेर आले. हे पायलट कच्चे नसतात.

पोचल्यावर

रुग्ण विमानाच्या शिडीपाशी कोणाच्या ताब्यात देऊ नये. तिकडच्या आयसीयूच्या पलंगापाशी, नवं व्हेंटिलेटर लागल्यावर, कोणती औषधं किती चालू आहेत ते तोंडी आणि लेखी सांगून मगच. वाटेतली नोंद, म्हणजे दर पंधरा मिनिटांचं बीपी, सॅच्युरेशन, दिलेली औषधं, त्याची एक प्रत तुम्हीही मागून घ्या.

विम्याचं बघायचं ते खरं म्हणजे निघण्याआधी. पॉलिसीत ‘एअर अ‍ॅम्ब्युलन्स’ लिहिलेलं असलं तरी अटी वाचा. काहींत अपघाताच्या जागेपासून जवळच्या हॉस्पिटलपर्यंतच पैसे मिळतात, एका हॉस्पिटलातून दुसऱ्यात न्यायचे नाहीत. काहींत आधी मंजुरी लागते. निदान टीपीएला, म्हणजे विम्याचे दावे बघणाऱ्या कंपनीला, मेल टाकून ठेवा आणि डॉक्टरांकडून ‘हा उपचार इथे उपलब्ध नाही, रस्त्याने नेणं धोक्याचं’ असं एका ओळीत लिहून घ्या. बिल विमानाच्या कंपनीच्या नावाचं, नोंदणी क्रमांक आणि तारखेसह. दलालाची साधी पावती विमा कंपनी परत पाठवते.

रुग्ण बरा, स्थिर, फक्त झोपूनच नेण्यासारखा असेल, तर एवढा खर्च करायची गरज नाही. काही मोठ्या विमान कंपन्या नेहमीच्या प्रवासी विमानात मागच्या खुर्च्या पाडून स्ट्रेचर लावून देतात. त्यासाठी डॉक्टरांनी भरलेला मेडिफ, म्हणजे रुग्णाच्या प्रकृतीच्या माहितीचा, फॉर्म लागतो, काही दिवस आधी, आणि सोबत नर्स किंवा डॉक्टर. घरचा ऑक्सिजन सिलिंडर मात्र तिथे चालत नाही, कंपनीला आधी विचारून त्यांचीच सोय घ्यावी लागते.

आणि सकाळी धुकं पडलं, पावसाळी ढग आले, विमान आलंच नाही, तर? म्हणून विमान ठरवतानाच एक कार्डिअ‍ॅक अ‍ॅम्ब्युलन्स बोलून ठेवायची. ड्रायव्हर दोन, डिझेलची टाकी भरलेली, वाटेतल्या दोन-तीन मोठ्या हॉस्पिटलांचे नंबर लिहिलेले. नांदेडहून पुण्याकडे जाताना लातूर आणि सोलापूर ही दोन ठिकाणं मी धरून ठेवते. विमान रद्द झाल्याचा फोन आला की त्या गाडीला फोन जातो, आणि तोपर्यंत रुग्ण पलंगावरच असतो.